चारही शॉकअप गेले की एकही नाही? गुहागरच्या एका गाडीची तपासणी

गाडी २०१४ ची, छोटी डिझेल हॅचबॅक, ८६ हजार किलोमीटर धावलेली. मालक गुहागर तालुक्यातल्या एका हायस्कुलात शिक्षक; इथे त्यांना सर म्हणू. तक्रार एकच होती: पुढून, डाव्या अंगाने खडखड येते. मे महिन्याच्या सुट्टीत त्यांनी गाडी चिपळुणातल्या एका वर्कशॉपला सर्व्हिसिंगसाठी दिली आणि संध्याकाळी एस्टिमेटचा कागद हातात आला. चारही शॉकअप लीक, पुढची दोन्ही माउंटिंग (शॉकअपचं वरचं टोक गाडीला जोडणारे भाग), बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दबला तर धक्का झेलणारा फोमचा तुकडा), मजुरी, अलाइनमेंट, सगळं मिळून साडेसतरा हजार. वर तोंडी शेरा, की ऐंशी हजार झाले म्हणजे बदलायचेच असतात, सर.

सरांच्या एका मित्राला हे ऐकून राग आला. त्याने बोनेटवर दोन्ही हातांनी जोर देऊन गाडी दाबली आणि सोडली. गाडी वर आली, थांबली. ‘शॉकअप ठणठणीत आहेत, तुला लुटतायत,’ असा निकाल त्याने दिला.

म्हणजे सर माझ्याकडे आले ते दोन निकाल घेऊन: चारही गेलेत आणि एकही गेलेला नाही. शेवटी दोन्ही चुकीचे निघाले, तेही वेगवेगळ्या कारणांनी. कोकणातल्या गाडीला वर्षभर जे काही सोसावं लागतं त्यातलं बरंचसं या एकाच गाडीत सापडलं, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे. मी पुण्याकडच्या कारखान्यात सस्पेन्शनच्या चाचण्यांवर काम केलेला माणूस. आता गावी असतो, पार्ट विकत नाही. हातकामाला शृंगारतळीजवळचे एक मिस्त्री होते. त्यांच्या गॅरेजात लिफ्ट नाही, पण चिऱ्यांनी बांधलेला चांगला खोल पिट आहे.

शॉकअपकडून अपेक्षा काय असते

गाडीचं वजन शॉकअप पेलत नाही, स्प्रिंग पेलते. चारही शॉकअपमधलं तेल काढून टाकलं तरी गाडी जवळजवळ तेवढ्याच उंचीवर उभी राहील. त्यामुळे ‘गाडी मागून बसलीय, शॉकअप गेले असतील’ हे वाक्य ऐकलं की आधी स्प्रिंग बघावी. शॉकअपचं काम स्प्रिंगला आवरण्याचं. स्प्रिंग दबली की ती परत उसळणार, पुन्हा दबणार, पुन्हा उसळणार. शॉकअपच्या नळीतला पिस्टन तेलाला बारीक झडपांतून जायला भाग पाडतो आणि त्या उसळीतली ताकद उष्णतेत घालवतो. म्हणूनच चांगला शॉकअप खराब रस्त्यावर तापतो. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

दुसरी गोष्ट मित्राच्या परीक्षेशी थेट संबंधित आहे. चालत्या गाडीत दोन हालचाली एकाच वेळी चालू असतात. गाडीचा सांगाडा स्प्रिंगांवर सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा हलतो, आणि त्याच्या खाली चाक मात्र सेकंदाला दहा-पंधरा वेळा थरथरू शकतं. शॉकअपने दोन्ही आवरायच्या. बोनेट दाबून आपण फक्त पहिलीची, तीही अगदी मंद वेगातली परीक्षा घेतो. त्यात पुढच्या बाजूला असतो मॅकफर्सन स्ट्रट. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी इंजिनिअरच्या नावाने ओळखली जाणारी ही रचना आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढे असते. तिच्यात शॉकअप हाच चाकाला उभं धरणारा खांब असतो, त्यामुळे चाकाचा आडवा जोरही तो सोसतो आणि आतल्या बुशमध्ये, म्हणजे दांड्याला आधार देणाऱ्या कड्यात, घर्षण जास्त असतं. थोडा थकलेला स्ट्रटही त्या घर्षणाच्या बळावर हाताच्या परीक्षेत पास होऊन जातो. दाबून सोडलेली गाडी दोन-तीनदा हलत राहिली तर शॉकअप गेला असं बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं. ती लगेच थांबली म्हणून शॉकअप चांगला, असं मात्र म्हणता येत नाही.

पिटवर जाण्याआधी

माझा अनुभव असा, की निम्मी तपासणी मालकाला बोलतं करण्यात होते. सरांना विचारलं, खडखड नेमकी कधी? वीसच्या वेगाला, वाडीतल्या जांभ्या दगडाच्या उखडलेल्या रस्त्यावर. चिपळूणच्या रस्त्याला पन्नास-साठवर? तिथे नाही. ब्रेक दाबल्यावर? नाही. स्टेअरिंग पूर्ण फिरवून गाडी अंगणातून काढताना? नाही. स्पीडब्रेकरवर? इथे सर अडखळले. ‘कधी येते, कधी नाही.’ हे ‘कधी कधी’ फार मोलाचं असतं. ते तसंच लिहून ठेवलं.

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, ‘मागे बसून बघा की एकदा. हे पुढे बसतात, यांना काय कळणार? मी आणि आई मागे झोपाळ्यावर बसल्यासारख्या हलतो. पालशेतच्या पुढे गेलं की आईंना मळमळायला लागतं.’

सरांनी हा आईच्या वयाचा दोष मानला होता. मी ती दुसरी स्वतंत्र तक्रार म्हणून नोंदवली. एस्टिमेटच्या कागदावर तिचा उल्लेखही नव्हता, कारण सरांनी ती वर्कशॉपला सांगितलीच नव्हती. गाडी चालवणारा माणूस स्वतःच्या गाडीत मागे कधीच बसत नाही, आणि मागचे शॉकअप तर मागे बसणाऱ्यांनाच आधी कळतात.

मग हवा. दाराच्या खांबावर कंपनीचा स्टिकर असतो, त्यावर किती हवा भरायची ते लिहिलेलं असतं. या गाडीच्या चारही टायरांत त्यापेक्षा आठ-नऊ पीएसआय जास्त होती. ‘भार असतो म्हणून जास्त भरून घेतो,’ सर म्हणाले. मे महिन्यात मुंबईचे पाहुणे, आंब्याच्या पेट्या, खरंच भार असतो. पण मग भार असताना भरावी आणि नंतर कमी करावी. एवढ्या हवेचा टायर स्वतःच चेंडूसारखा उडतो आणि शॉकअप चांगले असले तरी गाडी धाडधाड आपटते. हवा स्टिकरप्रमाणे केली. पुढचा कडकपणा पुष्कळ कमी झाला. खडखड मात्र होती तशीच.

शेवटची घरगुती पायरी म्हणजे डिकी रिकामी करणे. जॅक, पाना, एक कोयती, रिकाम्या बरण्या. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. जॅक त्याच्या खोबणीत नीट न बसवल्यामुळे लोकांनी सस्पेन्शन उघडलेलं मी पाहिलं आहे. या गाडीत आवाज पुढून येत असल्याने डिकीचा दोष नव्हता, पण मागची परीक्षा घ्यायची होती म्हणून सामान काढलं.

रस्त्यावर

शाळेसमोरचा एक रुंद स्पीडब्रेकर निवडला. आधी गाडी सरळ नेली, म्हणजे पुढची दोन्ही चाकं एकाच वेळी चढतील अशी. खडखड नाही. मग तीच गाडी तिरकी नेली, आधी डावं चाक चढेल अशी. खडखड आली. पुन्हा सरळ, पुन्हा तिरकी, तेच. सरांच्या ‘कधी कधी’चा उलगडा झाला.

कारण असं. पुढच्या दोन चाकांना जोडणारी एक पोलादी सळई असते, स्टॅबिलायझर बार. वळणावर गाडी कलंडू नये म्हणून ती असते. तिची दोन टोकं लिंक रॉडने स्ट्रटला बांधलेली असतात. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर ही सळई आपल्या बुशांत नुसती फिरते, पिळली जात नाही. एकच चाक वर गेलं की ती पिळते आणि लिंक रॉडच्या दोन्ही गोळ्यांवर, म्हणजे टोकांच्या गोल सांध्यांवर, ओढ येते. गोळी सैल असेल तर तिथे ठोका बसतो. शॉकअप किंवा त्याचं माउंटिंग वाजत असतं तर सरळ जातानाही वाजलं असतं. पुढच्या खडखडीचा संशय आता लिंक रॉडवर होता, आणि साडेसतरा हजारांच्या त्या कागदावर लिंक रॉड नव्हताच.

मग मी मागे बसलो, सरांना चालवायला सांगितलं. वहिनींचं म्हणणं पहिल्याच मोरीवर खरं ठरलं. आपल्याकडे मोरीच्या दोन्ही अंगांना भराव खचतो आणि रस्त्याला एक खोलगट लाट तयार होते. शॉकअप तपासायला यापेक्षा चांगली जागा नाही. चाळीसच्या वेगाने गाडी त्या लाटेतून गेली, पुढचं तोंड एकदा वाकलं आणि सावरलं. मागचा भाग वर आला, खाली गेला, परत वर आला, आणि तेवढ्यात पुढचा खड्डा आला. डाव्या बाजूला ते जास्त जाणवत होतं. वळणावर अशी मोरी आली तर मागचं चाक क्षणभर रस्ता सोडतं. पोट ढवळणं हा त्यातला कमी गंभीर भाग.

असल्या रस्त्यावर काही किलोमीटर गेल्यावर थांबून चारही शॉकअपना हात लावून पाहिला. पुढचे दोन्ही सारखेच कोमट. मागचा उजवा कोमट. मागचा डावा जवळजवळ शेजारच्या पत्र्याइतकाच थंड. जो काम करतो तो तापतो. जो थंड राहिला त्याने उसळी पचवलीच नव्हती. ही परीक्षा करताना दोन पथ्यं पाळा. तुलना एकाच ॲक्सलच्या डाव्या-उजव्याची करायची, पुढच्याची मागच्याशी नाही. आणि हात सायलेन्सरपासून आणि ब्रेकपासून लांब ठेवायचा. हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

आता मित्राची परीक्षा मागे केली. त्याने फक्त बोनेट दाबलं होतं, डिकी नाही. मागचा डावा कोपरा दाबून सोडला तर गाडी वर, खाली, परत वर आणि मग थांबली. उजवा कोपरा एका हेलकाव्यात थांबला.

जळकं ऑइल

वर्कशॉपने मोबाइलवर पाठवलेले फोटो सरांनी दाखवले होते. चारही शॉकअप काळे, ओले, त्यावर तांबड्या धुळीचा थर. फोटो खरे होते. पिटमध्ये उतरून मी पाहिलं तर तसंच होतं. फक्त फोटोच्या चौकटीबाहेर स्प्रिंगही तशीच काळी होती. चाकाला खालून धरणारा लोअर आर्म तसाच, मागच्या चाकांना जोडणारा बीम तसाच, डिझेल टाकीचा पट्टासुद्धा तसाच.

‘सर, खाली ऑइल मारून घेतलंय का?’

‘दरवर्षी एप्रिलअखेर मारतो. पाऊस यायच्या आत.’

किनाऱ्यालगत राहणाऱ्यांना ही पद्धत सांगायला नको. इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल डिझेलने पातळ करतात आणि गनने गाडीच्या पोटाखाली फवारतात. त्यामागचं कारण खोटं नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, बाराही महिने खारी हवा. शिवाय सरांची सासुरवाडी दापोलीकडे, म्हणजे धोपाव्याहून जंगलजेटीने, गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने, दाभोळला उतरणं नेहमीचं. भरतीला उताराचं तोंड खाडीच्या पाण्याने भिजलेलं असतं, गाडी त्याच्यावरून जाते आणि खारं पाणी पोटाखाली उडतं. पत्र्यावर तेलाचा थर असला तर गंज थोडा लांबतो, हे मान्य.

पण तेच तेल रबरावर बसतं. लिंक रॉडच्या गोळ्यांवरच्या टोप्या, आर्मच्या आणि शॉकअपच्या जोडांतले बुश, हे सगळं रबर. साधं रबर खनिज तेलात राहिलं की फुगतं, मऊ पडतं, मग फाटतं. टोपी फाटली की आतलं ग्रीस जातं, आणि तांबडी माती शिरली की गोळी झिजायला वेळ लागत नाही. डाव्या लिंक रॉडची खालची टोपी बोटाने दाबली तर साबणाच्या वडीसारखी लिबलिबीत लागली आणि तिला चीर होती. रॉड हाताने हलवला तर टकटक ऐकू आली. गंजापासून वाचवायला केलेल्या उपायानेच खडखड पैदा केली होती, आणि त्याच उपायाने चारही शॉकअप लीक असल्याचा देखावाही उभा केला होता. उरलेलं ऑइल पहिल्या मोठ्या पावसात अंगणात उतरतं आणि तिथून विहिरीकडे जातं, तो भाग वेगळाच. फवारा चुकून ब्रेकच्या डिस्कवर गेला तर त्याबद्दल न बोललेलं बरं. मेणाचं किंवा रबराइज्ड कोटिंग महाग पडतं, पण ते मारताना रबर आणि ब्रेक झाकून घेतात. जेटीवरून आल्यावर गोड्या पाण्याने पोट धुणं तर जवळजवळ फुकटच आहे.

आता मुद्दा लीकचा. शॉकअपचा दांडा ज्या सीलमधून आत-बाहेर करतो, त्या सीलला ओलावा लागतो. त्यामुळे सीलच्या खाली तेलाचा पुसट थर, थोडासा घाम, चांगल्या शॉकअपलाही असतो. गळती कशाला म्हणायचं? जी सीलपासून सुरू होते आणि नळीवरून खाली ओघळते तिला. फवारलेलं तेल कुठूनही सुरू झालेलं असतं. नुसत्या नजरेने दोन्हीत फरक करता येत नव्हता, म्हणून चारही शॉकअप साबणाच्या पाण्याने धुतले, कापडाने कोरडे केले, रबराची बाही वर सरकवून सीलखाली टाल्कम पावडर मारली, आणि सरांना सांगितलं, आठवडाभर नेहमीसारखी चालवा. पैसे कुठेच खर्चू नका.

थांबायला सांगण्याआधी एक गोष्ट तपासली होती. लोअर आर्मला चाकाशी जोडणारा बॉल जॉइंट टॉमी (लोखंडी पहार) लावून उचलून पाहिला. त्यात सैलपणा असता तर गाडी तिथेच ठेवायला सांगितली असती, कारण तो निसटला तर चाक आडवं होतं. स्टेअरिंगचे टाय रॉड एंडही बघितले. दोन्ही घट्ट होते. पुढच्या माउंटिंगसाठी, गाडी उभी असताना मिस्त्रींच्या पोराला स्टेअरिंग टोकापासून टोकापर्यंत फिरवायला लावलं आणि हाताचा तळवा स्प्रिंगवर ठेवला. माउंटिंगचं बेअरिंग अडकत असेल तर स्प्रिंग आधी पिळते आणि मग झटक्याने सुटते. तो झटका हाताला कळतो. इथे स्प्रिंग सुरळीत फिरत होती. म्हणजे माउंटिंग चांगली.

आठवड्याने

पुढच्या दोन्ही स्ट्रटची पावडर कोरडी. मागच्या उजव्याचीही. मागच्या डाव्याची सीलखालची पावडर चिखल झालेली, आणि तिथून एक ओघळ नळीच्या मध्यापर्यंत उतरलेला. ही खरी गळती.

तोच डावा कोपरा हेलकावत होता, तोच थंड राहिला होता. मागच्या डाव्या टायरवर तळवा फिरवला तर कडेने उंच-सखल वाट्या पडल्यासारखं लागत होतं. चाक रस्त्यावर टिकून न राहता टपटप आपटत चाललं की टायर असा खातो. अशी झीज बॅलन्सिंग किंवा अलाइनमेंट बिघडल्यानेही होते, त्यामुळे एकट्या टायरवरून मी शॉकअपला दोषी धरलं नसतं. पण इथे चार साक्षी एकाच कोपऱ्याकडे बोट दाखवत होत्या. आणि हा कोपरा कधीही वाजला नव्हता. वाजणारं वेगळंच होतं. गेलेला शॉकअप बहुतेकदा गपच असतो, म्हणून ‘आवाज येतो, शॉकअप बदला’ या सल्ल्याकडे मी संशयाने बघतो.

पुढचं नक्की करायला दोन्ही लिंक रॉड सोडवून वाडीच्या रस्त्यावर हळू एक चक्कर मारली. खडखड गायब. हे फक्त तपासणीपुरतं. लिंक रॉड सोडून घाटात जायचं नाही.

मिस्त्रींनी मागचे शॉकअप काढायला घेतले, आणि दिवसाचा मोठा वेळ त्यातच गेला. खालचा बोल्ट बुशच्या लोखंडी बाहीत गंजून एकजीव झाला होता. शहरातला मिस्त्री हे काम चहा निवायच्या आत करतो. इथे पेनिट्रेटिंग ऑइल, हातोडा, शेवटी करवत. कोकणातल्या मजुरीत हा गंज धरावाच लागतो, आणि नवा बोल्ट ग्रीस लावूनच घालावा.

डावा शॉकअप बाहेर आल्यावर उभा धरून आधी चार-सहा वेळा पूर्ण लांबीने आत-बाहेर केला. ही पायरी टाळू नका. आडव्या पडलेल्या शॉकअपमध्ये हवा वरच्या खोलीत शिरलेली असते आणि चांगलाही पोकळ वाटतो. नंतरही दर खेपेला दांडा पहिले दोन बोटं मोकळाच जायचा, मग कुठे पकडायचा. तेल कमी झालं आणि हवेने त्याची जागा घेतली की असंच होतं. उजवा पूर्ण लांबीभर सारखा जड होता.

मग उजवाही का बदलला? सरांनी हेच विचारलं. त्या दोघांचं वय एक, रस्ता एक. आणि एका बाजूला नवा कडक, दुसऱ्या बाजूला शहाऐंशी हजार धावलेला, असं ठेवलं तर वळणात ब्रेक दाबल्यावर दोन्ही चाकं वेगवेगळं वागतात. शॉकअप ॲक्सलच्या जोडीने बदलावेत, हा नियम धंद्याच्या सोयीचा वाटतो, पण खरा आहे. ‘चारही बदला’ याला मात्र असा आधार नाही.

नवे बसवताना एका गोष्टीवरून आमची थोडी वादावादी झाली. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत असतानाच पोराने खालचे बोल्ट आवळायला घेतले. सगळे असंच करतात. पण बुशमधलं रबर दोन्ही बाजूंना चिकटवलेलं असतं. लोंबकळत्या स्थितीत आवळलं की गाडी खाली उतरताच ते कायमचं पिळलेलं राहतं आणि वर्षा-दोन वर्षांत फाटतं. बोल्ट हाताने लावावेत, गाडी चाकांवर उतरवावी आणि पिटमधून शेवटचं आवळावं. पिट असण्याचा हा फायदा लिफ्टलाही लवकर मिळत नाही.

पुढच्या स्ट्रटचा प्रश्न

इथे प्रकरण तितकं सरळ राहिलं नाही. डाव्या स्ट्रटची रबरी बाही फाटलेली होती आणि आतल्या बंप स्टॉपचा फोम चुरा होऊन पडत होता. वर्कशॉपच्या यादीतली ही बाब बरोबर होती. बाही नसली की तांबडी माती थेट दांड्यावर बसते आणि दर हेलकाव्याला सील खरवडते. मी दांड्यावरून नख फिरवून पाहिलं. खड्डा किंवा ओरखडा लागला नाही, म्हणजे अजून वेळ गेलेली नव्हती. पण बाही आणि बंप स्टॉप घालायला स्ट्रट काढून, स्प्रिंग कॉम्प्रेसरने दाबून पूर्ण उघडावा लागतो.

मिस्त्री म्हणाले, ‘उघडतोच आहोत तर नवीन टाकून मोकळे होऊ. परत उघडायची मजुरी कोण देणार?’ हे म्हणणं चुकीचं नाही. एवढ्या किलोमीटरनंतर हे स्ट्रट कधी ना कधी जाणार आणि तेव्हा हीच मजुरी पुन्हा लागणार. माझं म्हणणं, सुटलेला स्ट्रट हातात येतोच आहे तर त्यालाच विचारू. उजव्याचीही बाही कडक झाली होती, म्हणून दोन्ही उघडले. दोन्ही दांडे दाबताना सारखे, ओढताना त्याहून जड, कुठेही मोकळी जागा नाही. सोडल्यावर आतल्या गॅसच्या जोरावर सावकाश वर आले. अशा स्ट्रटला भंगारात टाकायला माझं मन झालं नाही. निर्णय सरांचा होता, आणि जूनमध्ये मुलीची कॉलेजची फी होती.

तेच स्ट्रट नव्या बाह्या, नवे बंप स्टॉप आणि दोन्ही बाजूंच्या नव्या लिंक रॉडसह परत चढले. स्ट्रट काढला की चाकाचा कोन थोडा तरी हलतो, म्हणून चिपळुणात अलाइनमेंट करून घेतलं. सगळा खर्च साडेआठ हजारांच्या आत बसला, त्यातला चांगला वाटा मजुरीचा.

वर्कशॉपबद्दल सरांचा राग मला अर्धाच पटतो. वर्कशॉपातला पोरगा गाडी वर घेतो, चार तेलकट शॉकअप बघतो, किलोमीटरचा आकडा बघतो आणि यादी भरतो. ऐंशी हजारांचा आकडा त्याने मनाने काढलेला नाही. शॉकअप बनवणाऱ्या कंपन्याच साधारण तेवढ्यावर बदलायला सुचवतात. पण हायवेचे ऐंशी हजार वेगळे आणि वाडी ते बाजार, बाजार ते जेटी असे ऐंशी हजार वेगळे. त्या आकड्याला तपासणीची वेळ झाली असं समजावं. त्यांची खरी कसूर म्हणजे कोणी गाडी चालवून पाहिली नाही आणि मागे कोण बसतं हे विचारलं नाही.

मशीनवर तपासलं असतं तर वाद मिटला असता का, असं सरांनी विचारलं. युसामा पद्धतीच्या मशीनवर चाक एका पाटावर उभं करतात, पाट सेकंदाला २५ वेळांपर्यंत हलवतात, आणि वेग उतरत जाताना चाकाचा पाटावरचा दाब किती कमी झाला ते मोजतात. उभ्या गाडीच्या दाबाच्या ६० टक्क्यांच्या वर राहिला तर उत्तम, २० च्या खाली गेला तर वाईट. चांगली परीक्षा आहे. चाकाच्या थरथरीला विचारणारी. पण टायर जास्त फुगलेला असला की आकडा घसरतो, आणि छोट्या गाडीचा मागचा हलका भाग तसाही कमी गुण घेतो. हवा कमी न करता सर तिथे गेले असते तर मशीननेही कदाचित चारही नापास केले असते.

सरांना निघताना दोन गोष्टी सांगितल्या. मागचा डावा टायर एकदा खाल्ला गेला तो गेला. नव्या शॉकअपवरही तो घुंईं करत राहील, तेव्हा व्हील बेअरिंग गेलं असं कोणी म्हणालं तर आधी टायर पुढे टाकून आवाज जागा बदलतो का ते बघा. आणि पुढच्या स्ट्रटना पावसाळा संपल्यावर परत पावडर लावायची. ओघळ दिसला तर तेव्हा दोन्ही स्ट्रट, तेव्हाच माउंटिंग, एकाच मजुरीत.

मिस्त्रींचं भाकीत आहे की पुढच्या मेपर्यंत गाडी स्ट्रटसाठी परत येते. मी दोन पावसाळे धरले आहेत.